रेल्वे स्थानकावरील वाहनतळ आणि अन्याय्य शुल्क : दाद कोठे व कशी मागावी?

भिवंडी शहराला रेल्वे आहे. परंतु ती शहराच्या रोजच्या उपयोगाची नाही, अशी येथील रहिवाशांची जुनी तक्रार आहे. भिवंडी रोड हे स्थानक वसई रोड–दिवा–पनवेल मार्गावर असून मुंबईच्या मुख्य उपनगरी मार्गांइतक्या गाड्या या मार्गावर धावत नाहीत. त्यामुळे नोकरी, शिक्षण वा रुग्णालयाच्या कामासाठी मुंबईकडे जाणारे पुष्कळ भिवंडीकर आपली दुचाकी घेऊन कोनगाव-दुर्गाडीमार्गे कल्याण गाठतात किंवा काल्हेर-कशेळीमार्गे ठाणे. दुचाकी स्थानकाबाहेरच्या वाहनतळावर ठेवायची, गाडी पकडायची आणि सायंकाळी परत येऊन शुल्क भरायचे, असा हा क्रम वर्षानुवर्षे चालू असतो.

या क्रमात एक लहानसा अन्याय अनेकांच्या वाट्याला येतो. फलकावर एक दर लिहिलेला असतो आणि प्रत्यक्षात दुसराच मागितला जातो. पावती मागितली तर ती मिळत नाही, किंवा तारीख व वेळ नसलेली चिठ्ठी हातावर ठेवली जाते. पावती हरवली तर मनास येईल तो 'दंड' सांगितला जातो. काही वेळा चाकाला साखळी घालून पैसे दिल्याशिवाय वाहन सोडले जात नाही. प्रवासी थकलेला असतो, मागे रांग लागलेली असते आणि रक्कम दहा-वीस रुपयांची असते. तो पैसे देतो आणि निघून जातो.

या लेखात आम्ही वाचकांना एवढेच सांगू इच्छितो की, असे मुकाट्याने पैसे देणे हा एकमेव मार्ग नाही. वाहनतळाचा ठेकेदार हा दंड करणारा अधिकारी नसून रेल्वेने नेमलेला परवानाधारक आहे. त्याला दर ठरवून दिलेला असतो आणि त्या दराबाहेर त्याने काही घेतले तर त्याच्यावर दाद मागण्याची सोय कायद्याने केलेली आहे. ती सोय कोणती, तिची पायरी कोणती आणि त्यासाठी काय जपून ठेवावे, याचा विचार आता क्रमाने करू.

वाहनतळ कोणाचा, हे प्रथम पाहावे

स्थानकाबाहेर वाहने उभी केलेली दिसली म्हणजे ती जागा रेल्वेचीच असेल असे नाही. कल्याण, ठाणे यांसारख्या मोठ्या स्थानकांच्या परिसरात काही जागा रेल्वेच्या, तर काही महानगरपालिकेच्या असतात. दोन्ही ठिकाणी खाजगी ठेकेदाराचीच माणसे पावत्या फाडत असल्याने बाहेरून फरक कळत नाही. तक्रार चुकीच्या दारात गेली तर 'हा विषय आमच्या अखत्यारीत नाही' असे उत्तर येते आणि महिना वाया जातो. म्हणून पावतीवर व दरफलकावर कोणाचे नाव आहे, हे आधी पाहावे.

जागा रेल्वेची असेल तर ती कोणत्या रेल्वेची, हेही पाहावे लागते. भिवंडी रोड, कल्याण, ठाणे आणि दिवा ही स्थानके मध्य रेल्वेच्या मुंबई विभागात येतात. त्यांच्या विभागीय रेल्वे व्यवस्थापकांचे कार्यालय छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येथे आहे. वसई रोड, नालासोपारा, विरार या बाजूची स्थानके मात्र पश्चिम रेल्वेची असून त्यांचा विभाग मुंबई सेंट्रल येथून चालतो. भिवंडी आणि वसई या दोन्ही बाजूंशी नाते असलेल्या आपल्या कुटुंबांनी हा भेद लक्षात ठेवणे सोयीचे ठरेल.

जागा महानगरपालिकेची असेल तर तक्रार महापालिका आयुक्तांकडे करावी. राज्य शासनाचे 'आपले सरकार' हे तक्रार निवारण संकेतस्थळही त्यासाठी उपलब्ध आहे.

ठेकेदाराचे अधिकार किती?

रेल्वेच्या जागेवरील वाहनतळ चालविण्याचा ठेका विभागाच्या वाणिज्य शाखेतर्फे दिला जातो. पूर्वी यासाठी निविदा मागविल्या जात. जून २०२२ पासून रेल्वेने वाहनतळ, जाहिरातीच्या जागा इत्यादींसाठी देशभर ऑनलाइन लिलावाची पद्धत सुरू केली. जास्त बोली लावणाऱ्यास ठरावीक मुदतीसाठी परवाना मिळतो. त्याबद्दल तो रेल्वेला परवाना शुल्क देतो आणि वाहनधारकांकडून मंजूर दराने पैसे गोळा करतो. दुचाकीला किती तासांस किती, चारचाकीला किती, रात्रभर ठेवल्यास किती, मासिक पास कितीचा, हे सारे त्या ठेक्यात लिहिलेले असते. दरफलक लावणे आणि पावती देणे हे ठेकेदाराचे काम आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ठेकेदार घेतो ते 'शुल्क'. 'दंड' ही वेगळी वस्तू आहे. रस्त्यावर अडथळा होईल असे वाहन उभे केल्यास मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये वाहतूक पोलीस कारवाई करू शकतात. रेल्वेच्या आवारात मनाई असलेल्या जागी वाहन उभे करून सूचना न पाळल्यास रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १५९ खाली रेल्वे सुरक्षा बल वाहनचालकाविरुद्ध कारवाई करू शकते. तेथे दंड ठोठावण्याचे काम न्यायदंडाधिकाऱ्यांचे असते. पावती फाडणाऱ्या खाजगी माणसाला यापैकी कोणताही अधिकार पोहोचत नाही.

मात्र एक अपवाद ध्यानात घ्यावा. काही मोठ्या स्थानकांवर प्रवाशांना उतरविण्याच्या मार्गिकेत काही मिनिटे विनाशुल्क थांबता येते आणि त्यापेक्षा अधिक वेळ थांबल्यास चढत्या दराने आकारणी होते. पावती हरविल्यास किंवा मुदतीनंतर वाहन नेल्यास जादा रक्कम घेण्याची तरतूदही एखाद्या ठेक्यात असू शकते. अशी रक्कम रेल्वेने मंजूर केलेली असेल आणि ती फलकावर स्पष्ट लिहिलेली असेल, तर ती द्यावी लागेल. म्हणून वाद घालण्यापूर्वी विचारायचा प्रश्न एकच : 'हा दर कोठे लिहिला आहे, ते दाखवा.'

या बाबतीत परदेशातील एक निकाल उद्‌बोधक आहे. इंग्लंडमध्ये चेम्सफर्ड येथील एका खाजगी वाहनतळावर दोन तास विनाशुल्क थांबता येत असे. एक वाहनचालक तेथे ५६ मिनिटे जास्त थांबला म्हणून त्याच्याकडून ८५ पौंड मागण्यात आले. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. परंतु नोव्हेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने निकाल त्याच्या विरुद्ध दिला. निकालात एका गोष्टीला फार महत्त्व मिळाले, ती म्हणजे आवारात ठिकठिकाणी मोठ्या, ठळक अक्षरांत लावलेले सूचनाफलक. फलक असा दोन्ही बाजूंनी बोलतो. तो स्पष्ट असेल तर वाहनचालकाला बांधतो, आणि नसेल किंवा वेगळा दर सांगत असेल तर ठेकेदाराला उघडे पाडतो.

आपले म्हणणे खरे आहे ना?

दाद मागण्याआधी आपली बाजू आपणच तपासावी, हे न्यायाला धरून होईल. आपण वाहन ठेवले ती वेळ आणि नेले ती वेळ यांचा हिशेब करावा. दर तासांच्या टप्प्यांनी असेल तर टप्पा ओलांडून पाच मिनिटे झाली तरी पुढचा दर लागू होऊ शकतो. रात्रीचा दर कोणत्या वेळेपासून सुरू होतो ते पाहावे. वाहन नेमलेल्या जागेबाहेर ठेवले नव्हते ना, याची खात्री करावी. मासिक पासाची मुदत संपली नव्हती ना, हेही पाहावे.

एवढे पाहूनही मागणी अवाजवी ठरत असेल, तर तक्रारीचे स्वरूप पुढीलपैकी एक असण्याचा संभव अधिक आहे : फलकावरील दरापेक्षा जास्त रक्कम घेणे, दरफलकच न लावणे, पावती न देणे किंवा वेळ नसलेली पावती देणे, शिरस्त्राण ठेवण्याचे पैसे सक्तीने घेणे, पावती हरविल्याबद्दल फलकावर नसलेला दंड मागणे, आणि पैशांसाठी वाहन अडवून ठेवणे. पावती हरविल्यास वाहनाचे नोंदणीपत्र व ओळखपत्र पाहूनच वाहन सोडणे हे मात्र रास्त आहे. त्यात आपल्याच वाहनाचे रक्षण आहे.

कराच्या बाबतीतही दक्ष राहावे. ज्याची वस्तू व सेवा कराखाली नोंदणी नाही, त्याला ग्राहकाकडून तो कर घेता येत नाही. 'दर दहा रुपये आणि वर कर' असे कोणी सांगितले तर पावतीवर कर नोंदणी क्रमांक आहे काय, ते पाहावे.

त्या क्षणी काय करावे?

फाटकावर उभा असलेला तरुण बहुधा तुटपुंज्या वेतनावर बारा-बारा तास काम करीत असतो. वरून आलेल्या हुकमाप्रमाणे तो पैसे मागतो. त्याच्याशी हमरीतुमरीवर येऊन काही निष्पन्न होत नाही, आणि त्याचा अपमान करणे आपल्याला शोभतही नाही. आपला वाद ठेका घेणाऱ्याशी आहे. शांतपणे पुढील गोष्टी कराव्यात.

दरफलकाचे छायाचित्र घ्यावे. फलक नसेल तर प्रवेशद्वाराचे छायाचित्र घ्यावे, म्हणजे फलक नव्हता हे दिसेल. पावती मागावी. ती जपून ठेवावी व तिचेही छायाचित्र त्याच दिवशी घ्यावे. कारण अशा पावत्यांवरील शाई काही महिन्यांत पुसट होते. मूळ छायाचित्रे मोबाइलमधून काढून टाकू नयेत.

वाहन सोडविण्यासाठी जादा रक्कम देणे भागच पडले तर ती द्यावी. परंतु शक्यतो रोख न देता मोबाइलवरून द्यावी. त्यामुळे रक्कम, दिनांक, वेळ आणि ज्याला पैसे मिळाले त्याचे नाव यांची नोंद आपोआप राहते. पैसे पाठविताना शेरा लिहिण्याची जागा असते, तेथे 'हरकतीसह' असा शब्द लिहावा. जादा रक्कम आपण राजीखुशीने दिली नाही, याचा तो पुरावा होतो. साखळी तोडण्याचा किंवा फाटक ढकलून वाहन काढण्याचा प्रयत्न करू नये; नुकसानीचा उलटा आरोप आपल्यावर येईल.

वाहन अडवून ठेवले असेल तर तेथूनच रेल्वेच्या १३९ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. २०२१ पासून रेल्वेच्या निरनिराळ्या मदत क्रमांकांऐवजी हा एकच क्रमांक चालतो. पूर्वीचा सुरक्षेचा १८२ हा क्रमांकही त्यातच विलीन झाला आहे. धमकी किंवा धक्काबुक्की झाल्यास ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावे.

पहिली पायरी : रेल्वेकडे तक्रार

घरी आल्यावर तक्रार लेखी करावी. त्यासाठी तीन मार्ग आहेत. पहिला, स्टेशन मास्तरांच्या कार्यालयातील तक्रार पुस्तक. दुसरा, 'रेल मदद' हे रेल्वेचे संकेतस्थळ व मोबाइल ॲप. येथे स्थानकाशी संबंधित तक्रार नोंदवून छायाचित्रे जोडता येतात व तक्रारीचा क्रमांक मिळतो. तिसरा, विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या नावे पोचदेय टपालाने पत्र. आम्ही सुचवू की 'रेल मदद'वर तक्रार करावीच आणि रक्कम परत हवी असेल तर पत्रही पाठवावे. पत्राचा नमुना पुढीलप्रमाणे असू शकेल :

प्रति,
विभागीय रेल्वे व्यवस्थापक,
मध्य रेल्वे, मुंबई विभाग,
छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मुंबई.

विषय : ……… स्थानकावरील वाहनतळावर मंजूर दरापेक्षा जास्त आकारणी झाल्याबाबत.

महोदय,
मी दिनांक ……… रोजी सकाळी ……… वाजता ……… स्थानकाच्या ……… बाजूकडील वाहनतळावर माझे वाहन क्रमांक ……… ठेवले व सायंकाळी ……… वाजता नेले. दरफलकानुसार त्याचे शुल्क ……… रुपये होते. माझ्याकडून ……… रुपये घेण्यात आले. मी त्याच वेळी हरकत नोंदविली. दरफलकाचे छायाचित्र, पावती क्रमांक ……… आणि रक्कम दिल्याची नोंद सोबत जोडली आहे.
माझी विनंती अशी की, जादा घेतलेली ……… रुपये रक्कम मला परत मिळावी, ठेकेदारावर ठेक्याच्या अटींनुसार कारवाई व्हावी आणि झालेल्या कारवाईची माहिती मला ३० दिवसांत लेखी कळवावी.
आपला विश्वासू,

पत्रात रागाचे शब्द असू नयेत. दिनांक, वेळ, वाहन क्रमांक, रक्कम आणि मागणी या पाच गोष्टी असल्या म्हणजे पुरे. पत्राची प्रत वरिष्ठ विभागीय वाणिज्य व्यवस्थापकांना द्यावी, कारण ठेका त्यांच्या शाखेकडून दिला जातो. ठरलेल्या दरापेक्षा जास्त घेणाऱ्या ठेकेदारावर कारवाई करण्याची व ठेका रद्द करण्याची तरतूद अशा ठेक्यांत सामान्यतः असते, आणि तीच ठेकेदाराला सर्वांत जास्त जाणवते.

रेल्वेकडून समाधान झाले नाही तर केंद्र शासनाच्या सार्वजनिक तक्रार संकेतस्थळावरही गाऱ्हाणे मांडता येते. ऑगस्ट २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा तक्रारींचा निपटारा २१ दिवसांत व्हावा असे ठरले असून, निर्णय मान्य नसल्यास तेथेच अपील करण्याची सोय आहे.

दर माहीत नसेल तर : माहितीचा अधिकार

पुष्कळदा अडचण अशी असते की, फलकच नसल्यामुळे खरा दर कोणता हेच कळत नाही. अशा वेळी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ उपयोगी पडतो. मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्यांकडे दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा. केंद्र शासनाच्या संकेतस्थळावरून तो घरबसल्याही करता येतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क लागत नाही.

अर्जात 'असे का केले?' असे प्रश्न विचारू नयेत, कागद मागावेत : अमुक स्थानकावरील वाहनतळाच्या चालू ठेक्याची प्रत, मंजूर दरपत्रक, ठेक्याची मुदत, पावती व दरफलक यांविषयीच्या अटी, आणि गेल्या दोन वर्षांत जादा आकारणीबद्दल झालेल्या दंडाचा तपशील. उत्तर ३० दिवसांत मिळावयास हवे. ते न मिळाल्यास किंवा अपुरे मिळाल्यास पुढील ३० दिवसांत त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे पहिले अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. महापालिकेच्या वाहनतळाबाबत अर्ज महापालिकेकडे आणि दुसरे अपील राज्य माहिती आयोगाकडे जाते.

असे मिळालेले दरपत्रक एका प्रवाशाच्या नव्हे, तर त्या वाहनतळावर येणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचे असते.

शेवटची पायरी : ग्राहक आयोग

रेल्वेने रक्कम परत दिली नाही तर ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने १९८६ च्या कायद्याची जागा घेतली. जुन्या कायद्यास २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली होती. म्हणून नाताळच्या आदल्या दिवशी आपल्या देशात राष्ट्रीय ग्राहक दिन पाळला जातो.

नव्या कायद्यातील काही तरतुदी वाहनतळाच्या तक्रारीला नेमक्या लागू पडतात. दिलेल्या सेवेची विहित पद्धतीने पावती न देणे, ही या कायद्याच्या व्याख्येनुसार 'अनुचित व्यापारी प्रथा' आहे. ठरलेल्या किंवा दर्शविलेल्या किमतीपेक्षा जास्त रक्कम घेणे, हेही तक्रारीचे स्वतंत्र कारण आहे. सेवेचे मूल्य पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क लागत नाही. वकील नेमणे सक्तीचे नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते.

सर्वांत उपयुक्त बदल ठिकाणाविषयीचा आहे. तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तेथील जिल्हा आयोगातही आता तक्रार करता येते. भिवंडीच्या रहिवाशाकडून पुणे किंवा नाशिक रोड स्थानकावर जादा पैसे घेतले गेले, तरी तो ठाणे जिल्हा आयोगात दाद मागू शकतो. तक्रार ऑनलाइन दाखल करण्याची सोय सप्टेंबर २०२० पासून 'ई-दाखिल' या संकेतस्थळाने झाली आणि १ जानेवारी २०२५ पासून 'ई-जागृती' ही नवी व्यवस्था सुरू झाली आहे.

आयोगाकडे जाण्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी. तेथे मराठीतही बोलता येते, आणि कित्येक लहान तक्रारी तेथेच मिटतात. तेथेही काम न झाल्यास ठेकेदाराला व रेल्वेला पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी. मग तक्रारीत ठेकेदार आणि मध्य रेल्वेचे महाव्यवस्थापक या दोघांनाही प्रतिपक्ष करावे, म्हणजे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखविण्यास वाव राहणार नाही. तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र, पावती, छायाचित्रे, तक्रारींच्या प्रती व माहिती अधिकारात मिळालेले दरपत्रक जोडावे. दोन्ही पक्ष राजी असल्यास आयोग प्रकरण मध्यस्थीकडे पाठवून समेटही घडवू शकतो. जिल्हा आयोगाचा निर्णय मान्य नसल्यास ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते.

आयोग जादा रक्कम परत देण्याचा, नुकसानभरपाई व खर्च देण्याचा आणि अनुचित प्रथा बंद करण्याचा आदेश देऊ शकतो. एकाच वाहनतळावर अनेकांची तीच तक्रार असेल तर आयोगाच्या परवानगीने सर्वांच्या वतीने एकत्र तक्रार करता येते. नोंदणीकृत ग्राहक संस्थाही ती दाखल करू शकते. १९७५ पासून कार्य करीत असलेली मुंबई ग्राहक पंचायत ही अशा संस्थांपैकी महाराष्ट्राला परिचित असलेली एक संस्था होय.

'वाहन मालकाच्या जबाबदारीवर'

पावतीच्या मागे छापलेल्या एका ओळीचाही येथे उल्लेख करावयास हवा. वाहन हरवल्यास वा त्याचे नुकसान झाल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही, असे तेथे लिहिलेले असते. पुष्कळांना ती ओळ म्हणजे अखेरचा शब्द वाटतो. नवी दिल्लीतील ताजमहाल हॉटेलच्या कर्मचाऱ्याकडे सोपविलेली एक मोटार १९९८ मध्ये चोरीस गेली. पावतीवर अशीच ओळ होती. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये असा निर्णय दिला की, वाहनाचा ताबा घेतल्यानंतर स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी हॉटेलला अशा ओळीच्या आधारे झटकता येणार नाही. हा निकाल किल्ली हॉटेलच्या माणसाच्या हाती दिलेल्या वाहनाबद्दलचा आहे. आपण स्वतः कुलूप लावून ठेवलेल्या दुचाकीला तो जसाच्या तसा लागू होईल असे नाही. तरीही पैसे घेऊन वाहन सांभाळणाऱ्याने छापलेली प्रत्येक ओळ कायदा ठरत नाही, एवढा बोध त्यातून निश्चित घ्यावा.

वीस रुपयांसाठी एवढा खटाटोप?

हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे द्यावयास हवे. उत्तर प्रदेशातील मथुरा येथील एका वकिलांनी २५ डिसेंबर १९९९ रोजी, म्हणजे नाताळच्या दिवशी, मथुरा कॅन्टोन्मेंट स्थानकावर मुरादाबादची दोन तिकिटे घेतली. त्यांचे ७० रुपये होत असताना ९० रुपये घेण्यात आले. वीस रुपयांसाठी ते ग्राहक न्यायालयात गेले. शंभराहून अधिक तारखा झाल्या आणि ऑगस्ट २०२२ मध्ये निकाल लागला : रेल्वेने वीस रुपये दरसाल १२ टक्के व्याजाने परत द्यावेत आणि मानसिक त्रास व खर्चापोटी १५ हजार रुपये द्यावेत.

बावीस वर्षांचा हा विलंब कोणालाही निरुत्साह वाटावा असाच आहे, आणि ते गृहस्थ स्वतः वकील होते हेही विसरून चालणार नाही. कायद्यात जिल्हा आयोगाने साधारणतः तीन महिन्यांत निर्णय द्यावा असे म्हटले असले, तरी प्रत्यक्षात जास्त काळ लागतो. म्हणूनच आम्ही प्रत्येकाने आयोगाकडे धाव घ्यावी असे म्हणत नाही. बहुतेकांसाठी १३९ किंवा 'रेल मदद'वरील तक्रार आणि एक पत्र एवढेच पुरेसे व झेपण्यासारखे आहे. एका तक्रारीने हालचाल होत नाही. एकाच वाहनतळाविषयी वीस जणांच्या तक्रारी क्रमांकांसह नोंदल्या गेल्या, तर वाणिज्य शाखेला त्यांची दखल न घेणे कठीण जाते.

थोडा हिशेबही करून पाहावा. समजा, रोज दहा रुपये जास्त घेतले जातात. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर वर्षाचे तीन हजार रुपये होतात. एखाद्या वाहनतळावर अशा दोनशे दुचाकी येत असतील तर वर्षाला सहा लाख रुपये बेहिशेबी गोळा होतात. ही रक्कम मोटारीने हिंडणाऱ्यांच्या खिशातून जात नाही. ती यंत्रमागावर व गोदामात काम करणाऱ्या कामगाराच्या, रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेच्या, महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाच्या खिशातून जाते. ज्यांना वाद घालण्याची सवड व हिंमत नाही, त्यांच्याकडूनच ती वसूल होते.

म्हणून ज्यांना अर्ज लिहिता येतो, त्यांनी तो स्वतःसाठी तर लिहावाच, शेजाऱ्यासाठीही लिहावा. धर्मग्रामातील तरुणांनी रविवारी अर्धा तास काढून ज्येष्ठांना व कामगार बांधवांना 'रेल मदद'वर तक्रार कशी नोंदवावी हे दाखविले, तरी मोठे काम होईल. पावती मागणे, दर विचारणे आणि लेखी उत्तर मागणे यांत कोणाचा अवमान नाही. ठरलेले शुल्क आपण आनंदाने द्यावे आणि न ठरलेले कोणी मागू नये, एवढीच ही अपेक्षा आहे.